चाळीस लाखांचे स्पीकर आणि बारा बाय चौदाची खोली

स्पीकरची एक जोडी चाळीस लाखांना घेण्यात अर्थ आहे का? माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर, नांदेडकडे आज जी घरं बांधली जातात, त्यातल्या बारा बाय चौदाच्या स्लॅबच्या खोलीत दीड-दोन लाखांच्या नीट निवडलेल्या जोडीनंतर घातलेला पैसा कानापर्यंत फारसा पोचत नाही. त्या पैशाचं काही मिळतच नाही असं नाही. मिळतं, आणि त्यातलं काही खरोखर चांगलं असतं. पण ते ऐकू यायला जी खोली लागते ती आपल्याकडे क्वचितच असते. उलट तीच खोली वीस-पंचवीस हजारांत सुधारली, तर घरात आहे त्याच जोडीचा आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो.

आधी किंमत कशाची असते ते बघू. वरच्या टोकाला अमेरिकेतल्या विल्सन ऑडिओचा वॅम मास्टर क्रोनोसॉनिक आहे. २०१६ साली तो जाहीर झाला तेव्हा जोडीची किंमत होती ६,८५,००० डॉलर. फ्रान्सच्या फोकल कंपनीच्या ग्रांद युटोपियाचा एकेक नग अडीचशे किलोंच्या पुढे जातो आणि त्याच्या वूफरला (खालचे, जाड सूर काढणाऱ्या मोठ्या भागाला) नेहमीच्या कायमच्या चुंबकाऐवजी विद्युतचुंबक असतो, म्हणजे वूफर चालायलाच वेगळा वीजपुरवठा लागतो. असे स्पीकर बनवणारी माणसं भोंदू नाहीत. ध्वनिशास्त्र त्यांना उत्तम कळतं. पण किंमत जसजशी चढते तसतसा तिच्यातला आवाजाचा हिस्सा घटत जातो आणि बाकीच्या गोष्टींचा हिस्सा वाढत जातो.

ट्वीटरचंच, म्हणजे वरचे बारीक सूर काढणाऱ्या भागाचंच बघा. साध्या स्पीकरात रेशमी कापडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा घुमट असतो, महागड्यात बेरिलियमचा, त्याहून महागड्यात हिऱ्याचा. हिऱ्याचा म्हणजे खाणीतला नव्हे. वायूतल्या कार्बनचा थर साच्यावर बसवून तो घुमट तयार करतात, त्याला वेळ लागतो आणि किंमत नगाला लाखाच्या पुढे जाऊ शकते. हा खर्च करायचा कशासाठी? कुठलाही घुमट एका ठरावीक कंप्रतेला (सेकंदाला किती कंपनं, हर्ट्झमध्ये मोजतात ती) वाकायला, थरथरायला लागतो आणि तिथून पुढे आवाजात खोट येते. अ‍ॅल्युमिनियमच्या एक इंची घुमटात ही कंप्रता साधारण २५ ते ३० हजार हर्ट्झच्या आसपास येते, बेरिलियममध्ये त्याच्या बरीच पुढे, आणि हिऱ्यात ७० हजारांच्या घरात. माणसाचा कान तरुणपणी २० हजारांपर्यंत ऐकतो. पन्नाशीच्या माणसाला १२-१४ हजार ऐकू आले तरी पुष्कळ. म्हणजे चांगल्या अ‍ॅल्युमिनियमच्या घुमटाचा दोषसुद्धा आपल्या कानाच्या हद्दीबाहेर आहे. हिऱ्याने तो आणखी लांब नेला, एवढंच.

स्पीकरच्या पेटीची गोष्ट वेगळी आहे, तिथे पैसा काही अंशी खरंच कामाला येतो. वूफर मागे-पुढे हलतो तेव्हा पेटीच्या बाजूही थोड्या हलतात, आणि दोनशे-चारशे हर्ट्झच्या पट्ट्यात त्या स्वतः गाऊ लागल्या की पुरुषी आवाज जाड, कोंदट वाटतो. १८ मिलिमीटर एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या बोर्डाची) पेटी आणि आत दोन-तीन आडव्या-उभ्या पट्ट्या एवढ्यावर हा त्रास बराचसा आटोक्यात येतो. २५ मिलिमीटरची पेटी, आत जाळीसारखे आधार आणि बाजूंना आवाज जिरवणाऱ्या लेपाचे थर दिले की तो जवळपास संपतो. पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली पेटी येते. ती आणखी मुकी असते, पण मुकेपणातला हा शेवटचा फरक मोजमापाच्या आलेखावर सहज दिसतो आणि कानाला मुश्किलीने सापडतो.

उरलेली किंमत बाकीच्या हिशोबाची. वर्षाला मोजक्याच जोड्या विकायच्या, म्हणून संशोधनाचा सगळा खर्च त्या मोजक्यांवर बसतो. थरावर थर देऊन घासलेलं पियानो पॉलिश, लाकडी खोकी, जहाजाचं किंवा विमानाचं भाडं, आयात शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, आयातदाराचा आणि दुकानदाराचा वाटा. हे सगळं रास्त असेल, पण यातलं काहीही तुमच्या कानात शिरत नाही.

मोठ्या स्पीकरचा खरा फायदा कुठे आहे तेही मोकळेपणाने सांगायला हवं. आवाजाची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी केली, तर वूफरच्या पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा साडेसहा इंची वूफर ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलेल, आणि तिथे त्याची दमछाक होऊन आवाज फाटायला लागतो. बारा इंची वूफरच्या पडद्याचं क्षेत्रफळ साडेसहा इंचीच्या जवळजवळ चौपट असतं. तो तेच काम एका मिलिमीटरमध्ये करतो, आरामात. म्हणून मोठ्या दालनात, मोठ्या आवाजात, खोल खर्जाचं संगीत किंवा सिनेमा ऐकायचा असेल तर मोठ्या स्पीकरचा मोकळेपणा लपत नाही. तो दमत नाही, म्हणून ऐकणाराही दमत नाही. महागड्या कंपन्या दोन्ही स्पीकर एकमेकांशी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून देतात. त्यामुळे गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहिल्यासारखा वाटतो. हेही खरंच आहे.

पण किंमत आणि आवाज यांचं नातं किती सैल आहे याचा पुरावा फार जुना आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळात आणि पुढे हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. १९९४ साली त्यांनी ४० श्रोत्यांना तेच चार स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरभरून गुण मिळाले आणि छोट्या स्वस्त संचाचे गुण घसरले. पडदा लावल्यावर ही तफावत बरीच आटली. ऐकणारे ऑडिओ कंपनीतलेच होते, म्हणजे अडाणी नव्हते. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांची पसंती आधीच वर्तवणारं गणित मांडलं, आणि त्याचा प्रत्यक्ष पसंतीशी सहसंबंध ०.८६ आला (एक म्हणजे तंतोतंत जुळणी). त्या गणितात किंमत नाही, नाव नाही, घुमटाचं धातू नाही. समोरून येणारा आवाज सपाट आहे का, बाजूंना जाणारा आवाज समोरच्याशी सुसंगत आहे का, आणि खर्ज किती खोल जातो, एवढंच आहे.

हे तीन गुण आज लाख-सव्वा लाखाच्या जोडीत मिळतात. केईएफच्या एलएस५० मेटासारखा छोटा स्पीकर बघा. ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवल्यामुळे त्याचा बाजूंना जाणारा आवाज इतका एकसारखा आहे की दहापट महागाचे कित्येक स्पीकर त्याबाबतीत मागे पडतात. खर्ज मात्र त्याला कमी आहे, तो वेगळ्या सबवूफरने, म्हणजे फक्त खर्ज काढणाऱ्या स्पीकरने, भरून काढावा लागतो. स्टुडिओसाठी बनवलेले जेनेलेक आणि न्यूमनचे अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर स्पीकर, ज्यांच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो, तेही याच जातीचे. कोलकात्याच्या सोनोडाइननेही असे मॉनिटर बनवले आहेत. स्पीकर निवडताना कंपनीने किंवा त्रयस्थाने प्रसिद्ध केलेला मोजमापाचा आलेख मागा. तो नसेल आणि नुसतं वर्णन असेल, तर लाखो रुपये त्या वर्णनावर टाकू नका.

आता खोली. सगळी गंमत इथे आहे.

आपली नेहमीची खोली धरू: बारा फूट रुंद, चौदा फूट लांब, दहा फूट उंच. विटांच्या भिंती, वर सिमेंटचा गिलावा, खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. हा वेग खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागला की कळतं खोली कुठल्या सुरावर घुमणार. चौदा फुटांमुळे ४० हर्ट्झला, बारा फुटांमुळे ४७ला, दहा फुटांच्या उंचीमुळे ५७ला. या तीन सुरांवर आवाज दहा-बारा डेसिबलने फुगू शकतो आणि मधल्या काही सुरांवर तेवढाच बसू शकतो. चाळीस लाखांचा स्पीकर ४० हर्ट्झ अगदी शुद्ध काढतो. ते भिंतीवर आपटून परत येतं, आणि तुमच्या खुर्चीपाशी जे पोचतं ते खोलीने बनवलेलं असतं. अशा खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा भिंतीचंच जास्त चालतं. म्हणूनच दोन-दोन दहा इंची वूफरवाले उंच स्पीकर छोट्या खोलीत घुमतात, आणि मालक बिचारा केबल बदलत बसतो.

वरच्या सुरांचा प्रश्न वेगळा. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टर्रर्र' असा धातूसारखा शेपटीचा आवाज आला, तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. या खोलीचं घनफळ सुमारे ४८ घनमीटर. गिलावा, टाइल्स आणि स्लॅब जेमतेम तीन टक्के आवाज गिळतात, त्यामुळे पूर्ण रिकाम्या खोलीत आवाज विरायला तीन सेकंदांच्या आसपास लागतात. गाणं ऐकायला तो अर्ध्या सेकंदावर आला पाहिजे. त्यासाठी आवाज पूर्ण गिळणारं सुमारे १५ चौरस मीटर क्षेत्र लागतं. कापडी सोफा, जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीचे दुहेरी चुणीदार पडदे आणि पुस्तकांचं कपाट यातून निम्मं-पाऊण काम होतं. उरलेलं भिंतीवर लावायच्या, आवाज गिळणाऱ्या पॅनेलने करायचं.

पॅनेल घरी बनतं आणि सुतार एका दिवसात आठ बनवतो. दोन बाय चार फुटांची, चार इंच खोल चौकट. आत ४८ घनतेचा (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, प्रत्येकी दोन इंचांचे दोन थर. संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाण्यातल्या कारखान्यांत भट्ट्या-पाइपांना गुंडाळायला हाच माल लागतो, त्यामुळे इन्सुलेशनचा माल ठेवणाऱ्या दुकानांत विचारा. 'अकॉस्टिक' नाव लावून विकलेला फोम त्याच्या कितीतरी पट महाग पडतो आणि काम कमी करतो. रॉकवूल हाताळताना हातमोजे, तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यात, तंतू टोचतात. तो आधी पातळ मांजरपाटात गुंडाळा, मग वरून पुढचं कापड ताणून स्टेपल करा. पुढचं कापड निवडायची एकच कसोटी: ओठांना लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर चालेल. रेक्झिन किंवा जाड चकचकीत पडद्याचं कापड लावलं, की वरचे सूर बाहेरच टोलवले जातात आणि पॅनेलचं काम अर्ध्यावर येतं. एका पॅनेलचा खर्च दीड-दोन हजारांच्या आत बसतो.

रॉकवूल नको असेल तर कापूस आपल्याकडे आहेच. पिंजलेला कापूस आवाज उत्तम गिळतो. एका चौकटीला साधारण तीन किलो लागतो, आणि तो सगळीकडे सारखा पसरून आडवे-उभे टाके घालून घ्यावा लागतो, नाहीतर वर्षभरात खाली बसतो आणि वरची निम्मी चौकट पोकळ होते. उंदरांसाठी मागे बारीक जाळी ठोका. कापूस पेट घेतो, त्यामुळे समई, उदबत्ती आणि स्विचबोर्ड यांच्यापासून लांबच.

पॅनेल भिंतीला चिकटवू नका, मागे तीन-चार इंच पोकळी सोडा, म्हणजे जाडी न वाढवता खालचे सूरही थोडे जास्त गिळले जातात. पहिली दोन पॅनेलं बाजूच्या भिंतींवर. जागा शोधायला कोणाला तरी आरसा घेऊन भिंतीलगत सरकायला सांगा. खुर्चीत बसून आरशात जिथे स्पीकर दिसेल, ती जागा. मग डोक्यामागच्या भिंतीवर दोन-तीन, उरलेली कोपऱ्यांत तिरकी. अंड्यांचे ट्रे आणि थर्मोकोल यांच्या मागे लागू नका. ट्रेचा पुठ्ठा पातळ असतो, आणि थर्मोकोलात हवा शिरतच नाही, मग आवाज जिरणार कुठे?

धाराशिव-लातूरकडे अजून काही जुनी माळवदाची घरं उभी आहेत. लाकडी खांब, तुळया, वर फळ्या आणि त्यावर माती, खाली शेणाने सारवलेली जमीन. छत सपाट नाही, भिंती ओबडधोबड, त्यामुळे टाळीची शेपटी तिथे जवळजवळ ऐकूच येत नाही. एखादं खणाचं दालन धड अवस्थेत असेल, तर गाणं ऐकायला ते नव्या हॉलपेक्षा सरस ठरू शकतं. मातीचा बारीक कण मात्र सतत गळतो, म्हणून स्पीकरला झाकण हवं.

पॅनेलने ४० हर्ट्झ आटोक्यात येत नाही. त्या सुराच्या लहरीचा चौथा हिस्साच दोन मीटरच्या पुढे असतो, चार इंचांचं तिथे काय चालणार? तिथे दोन उपाय. पहिला, जागा. स्पीकर त्याच्या मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परत येणारा आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारतो, ६० सेंटिमीटरवर असेल तर १४३ला. सरकवून बघितल्याशिवाय कुठली जागा बरी ते कळत नाही. बसायची खुर्ची तुमच्या पाठीमागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे खर्ज सगळ्यात जास्त फुगतो. त्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करा, म्हणजे चौदा फुटांच्या खोलीत सव्वापाच फुटांवर. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीवर.

दुसरा उपाय, मोजून कापणं. मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा मोजमापाचा माइक आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यात घरच्या लॅपटॉपवर खोलीचा आलेख निघतो. खुर्चीपाशी पाच-सहा ठिकाणी माइक धरून सरासरी काढा. जिथे फुगवटा दिसतो तिथे इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) तेवढं कापा, पण २०० ते ३०० हर्ट्झच्या खालीच. जिथे खड्डा आहे तिथे भर घालू नका. तो खड्डा दोन लहरींनी एकमेकींना मारल्यामुळे पडलेला असतो, जितकं ओताल तितकंच मरतं, आणि अ‍ॅम्प्लिफायर विनाकारण तापतो. काप फार अरुंद ठेवू नका. आपल्याकडे जानेवारीत खोली १८ अंशांवर असते आणि मेमध्ये ३८ वर. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे ४० हर्ट्झचा फुगवटा उन्हाळ्यात दीड हर्ट्झ वर सरकतो. हिवाळ्यात नेमका बसवलेला अरुंद काप मेमध्ये हुकतो.

सबवूफर असेल तर तो ८० हर्ट्झला जोडा, म्हणजे त्याखालचे सूर त्याने काढायचे आणि वरचे जोडीने. जागा शोधायला तो आधी तुमच्या खुर्चीवर ठेवा, खर्जाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज सगळ्यात सारखा ऐकू येतो, तिथे सब ठेवायचा. जमलं तर एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्या, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर. त्याने खोलीचे काही फुगवटे उगमापाशीच कमी होतात.

अ‍ॅम्प्लिफायरवरही असाच अकारण पैसा जातो. ८६ डेसिबल संवेदनशीलतेची (एका वॅटला एक मीटरवर एवढी वाजणारी) जोडी, अडीच मीटरवर तुम्ही. एकेक वॅटला खुर्चीपाशी साधारण ८४ डेसिबल मिळतात. ९५ डेसिबलचा उंच ठोका काढायला १२-१३ वॅट पुरतात. चांगल्या प्रतीचे ५० वॅट म्हणजे हाताशी भरपूर शिल्लक. केबलचं तर विचारूच नका: अडीच स्क्वेअर एमएमची बहुतारी तांब्याची वायर, जी इलेक्ट्रिशियन घरात ओढतो, तिचा किलोमीटरला प्रतिरोध आठ ओहमच्या आसपास असतो. पाच मीटर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०८ ओहम. चार ओहमच्या स्पीकरपुढे हे दोन टक्के. यापुढचा पैसा सरळ वाया. उलटसुलट जोडणी मात्र तपासा. अ‍ॅम्प्लिफायरपासून वायर सोडवून दीड व्होल्टच्या सेलचं अधिक टोक लाल वायरला आणि उणे काळ्या वायरला क्षणभर लावा. दोन्ही वूफर बाहेरच्या बाजूला उचलले गेले पाहिजेत. एक आत गेला, तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक मधून हटून सगळीकडे पसरतो. ही सेलची कसोटी अ‍ॅक्टिव्ह स्पीकरवर करायची नाही.

विजेकडे दुर्लक्ष नको. तालुक्याच्या गावी व्होल्टेज १७० ते २५० मध्ये हिंदकळतं, तेव्हा चांगला स्टॅबिलायझर लागतोच. स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल तर अर्थिंग बघा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर आधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा, नाहीतर दोन ठिकाणच्या अर्थमधला फरकच गुणगुणतो. अर्थची पिन कापून गुणगुण थांबवायचा उद्योग कुणी सुचवला तर ऐकू नका, शॉक बसतो.

उन्हाळ्यात स्लॅबखालची वरची खोली भट्टी होते. अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर दर दहा अंशांना निम्म्या आयुष्यावर येतात, म्हणून त्याच्या वर वीतभर जागा मोकळी हवी, बंद शोकेसमध्ये तो नको. वूफरच्या कडेची पट्टी फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत भुकटी होते, रबराची जास्त टिकते. साधा वूफर बिघडला तर मंडपवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर कॉइल आणि पडदा बदलून देतात, ही आपल्या जिल्ह्यांतली मोठी सोय आहे. हिऱ्याच्या घुमटावर मात्र कुणाचं बोट लागलं तर नवीन नग परदेशातून मागवावा लागतो. अडीचशे किलोंचा स्पीकर वरच्या मजल्यावर चढवण्याआधी इंजिनिअरला विचारा. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलोंचा वापरभार धरून आखलेला असतो.

ऐकायला जायचं असेल तर संभाजीनगर-बीडकरांना पुणं आणि नांदेड-लातूरकरांना हैदराबाद सोयीचं. शोरूमची खोली पॅनेलं वगैरे लावून उपचार केलेली असते, तुमची नसते, हे धरून चला. तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवायला सांगा, फोनवरच्या डेसिबल मीटरने एकाच जागी मोजून. जी जोडी किंचित मोठ्याने वाजते ती नेहमी 'जास्त खुली' वाटते, आणि विकणाऱ्याला हे माहीत असतं. सोबत आपलं संगीत न्या. हरिपाठातला पखवाज खर्जाची परीक्षा घेतो. डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, तिचा घुमारा गोल ऐकू आला पाहिजे आणि पुढच्या थापेच्या आत थांबला पाहिजे. टाळांचा गजर ट्वीटरची परीक्षा. वीस टाळ एकत्र वाजताना नुसता 'स्स्स' झाला तर तो स्पीकर नको. पुरुषाचा काळी एकचा तानपुरा लावा. षड्ज १३९ हर्ट्झला, खर्जाची तार ६९ला. बहुतेक अभिजात गायन यात मावतं, त्यासाठी २० हर्ट्झपर्यंत जाणारा राक्षस लागत नाही.

माझा हिशोब असा: पॅनेलं, पडदे, माइक मिळून चाळीस हजार, जोडी लाख ते दीड लाख, सब पन्नास हजार, अ‍ॅम्प्लिफायर पन्नास-साठ. अडीच-तीन लाखांत बारा बाय चौदाच्या खोलीला जे काही पेलतं ते सगळं मिळतं. पंचवीस बाय चाळीसचं, उंच छताचं, उपचार केलेलं स्वतंत्र दालन असेल आणि मोठ्या आवाजात ऐकायची आवड असेल, तर दहा-पंधरा लाखांची मोठी जोडी मी आनंदाने सुचवीन. त्याच्या वरचे पैसे देखणेपणाचे आणि दुर्मिळपणाचे. ते द्यायला कुणाची हरकत नाही, फक्त ते आवाजाचे म्हणून देऊ नयेत.

मोठीच जोडी हवी असेल तर जुनी बघा. महागडे स्पीकर शोरूममधून बाहेर पडले की भाव झपाट्याने उतरतो. घेताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून वूफरचा पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी चारी बाजूंनी सारखा, हलकाच दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. मल्टिमीटरने टर्मिनलवर प्रतिरोध मोजा. आठ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, चार ओहमचा तीन ते साडेतीन. दोन्ही नगांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मग प्रत्येक ट्वीटरजवळ कान नेऊन हळू आवाजात टाळ ऐका, कारण ट्वीटर मेलेला असला तरी लांबून पटकन कळत नाही. सुटे भाग अजून मिळतात का, हे कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर आल्यावरच पैसे द्या.